‘करू वाटंना’ : प्रस्तावना

बीड जिल्ह्यात ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत दवाखान्यात सहसा कुणी येत नाही. डोकं भणभणतंय, अंग गळून गेलंय, रात्री दोनला जाग येते ती येतेच, जेवण गोड लागत नाही, अशा तक्रारी घेऊन माणसं येतात. रक्त तपासलं जातं, ताकदीची म्हणून सलाईन लावून घेतली जाते. त्याआधी कुणी अंगारा आणलेला असतो, कुणी ‘बाहेरचं’ बघून घेतलेलं असतं. सगळं सांगून झालं, की उठता उठता, चपला पायात सरकवताना बाई एक वाक्य टाकून जाते, ‘‘अन् मॅडम, कायच करू वाटंना बघा.’’

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की सुरुवातीला ते तक्रारींच्या यादीतलं शेवटचं, किरकोळ कलम वाटायचं. आज वाटतं, बाकीची यादी हा नुसता पाल्हाळ होता आणि आजार या दोन शब्दांत होता.

प्रमाण मराठीत आपण ‘करावंसं वाटत नाही’ म्हणतो. मराठवाड्याच्या बोलीनं त्याचं ‘करू वाटंना’ केलं आणि करणं व वाटणं ही दोन क्रियापदं एकमेकांना खेटून उभी केली. आपला रोजचा समज असा, की माणसाला आधी वाटतं आणि मग तो करतो. बरं असताना हा क्रम चालून जातो. नैराश्यात मात्र वाटणंच थांबतं. वाटेल तेव्हा करू, म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिला, की चांगलं वाटण्याजोगं दिवसभरात काही घडत नाही. मग वाटणं आणखी आटतं. हा फेरा तोडायचा तर टोक करण्याच्या बाजूनं धरायचं. आधी थोडंसं करायचं, वाटण्याची वाट नंतर पाहायची. या पुस्तकात सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच.

हे एका शेतकऱ्याला समजावताना मी अडखळत होते. शेवटी त्यानंच माझी सुटका केली. म्हणाला, ‘‘म्हणजे मोटरनं एअर धरल्यावाणी.’’ फूटव्हॉल्व्ह गळका असला की पाइपातलं पाणी उतरून जातं. बटण दाबलं की मोटर फिरते, आवाज करते, पण पाणी उचलत नाही. विहिरीत पाणी असतं, मोटरही धड असते. अशा वेळी पाइपात आधी कळशीभर पाणी ओतावं लागतं, मग ती ओढ धरते. वर्तनोपचाराची याहून नेमकी व्याख्या मला अजून कुठल्या ग्रंथात सापडलेली नाही. (त्याच्यासह या पुस्तकात भेटणाऱ्या सगळ्यांचे तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेले आहेत, काही ठिकाणी तिघाचौघांच्या हकिकती जोडून एक माणूस उभा केला आहे.)

आता आजाराविषयी. दुःख आणि नैराश्य यांची आपण सर्रास सरमिसळ करतो. पीक गेलं, माणूस गेलं, तर दुःख होणारच. त्याला औषध शोधू नये. पण दुःखातल्या माणसाचा डोळा नातवाच्या खोडीवर क्षणभर हसतो, चार माणसं जमली की त्याला बरं वाटतं. नैराश्यात ही ये-जा बंद पडते. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न राहतं किंवा कशातच गोडी वाटत नाही. जोडीला झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडते, आपण कुचकामी आहोत असं वाटू लागतं, काहींच्या मनात जगणं नको असे विचार येतात. डॉक्टर आणि समुपदेशक नऊ प्रश्नांची एक छोटी यादी वापरतात; तिच्यात हेच विचारलेलं असतं. ते प्रश्न अवघड नाहीत. विचारायला कुणी बसत नाही, अडचण तिथे आहे.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’नं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेल्या प्रौढांचं प्रमाण त्यात सुमारे विसात एक असं निघालं, आणि नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांत शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं. ज्या १२ राज्यांत हे सर्वेक्षण झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे आपल्या जिल्ह्याचा आकडा काढताना हे प्रमाण अंदाजानंच धरावं लागतं. तरी विसात एक म्हणजे काय, याचा हिशोब गावच्या माणसाला करता येतो : दोनशे मोठ्या माणसांच्या वस्तीत दहा जण.

बीडचं नाव वर्तमानपत्रात येतं ते वेगळ्या आकड्यांमुळे. २०२३ मध्ये मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्याची नोंद विभागीय आयुक्तालयानं केली. त्यातले २६९ एकट्या बीड जिल्ह्यातले होते, आठ जिल्ह्यांत सर्वाधिक. या आकड्यांपाशी दोन चुका होतात. पहिली, हे सगळं कर्जाचं आणि पावसाचं आहे, मनाचा त्यात काय संबंध, असं म्हणण्याची. दुसरी तितकीच वाईट : हे सगळे मनाचे रुग्ण होते असं म्हणून कर्ज, भाव आणि पाणी या प्रश्नांवर पडदा टाकण्याची. एकाच पावसात, एकाच सावकाराच्या कर्जात दोन भाऊ बुडतात. एक रडतो, भांडतो, पुन्हा पेरतो, दुसरा बोलणंच बंद करतो. त्या दुसऱ्यापर्यंत वेळेत पोचणं हे आरोग्याचं काम आहे. दोघांचं कर्ज का झालं, हे विचारणं आपणा सर्वांचं काम आहे. एकाच्या आड दुसरं लपवू नये.

मेंदूत नेमकं काय होतं, हा प्रश्न मला गावातल्या व्याख्यानांत नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात मोडलेल्या हाडाच्या एक्स-रेसारखं काहीतरी असतं. नैराश्याचा फोटो निघाला, तर सासूला दाखवता येईल, की सुनेचं हे नाटक नाही. ही इच्छा मला समजते. पण त्या फोटोबद्दल स्पष्ट बोलायला हवं.

मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त जास्त धावतं आणि रक्तातल्या प्राणवायूच्या प्रमाणाबरोबर त्याचे चुंबकीय गुणही बदलतात. सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञानं १९९० मध्ये हे एमआरआय यंत्रात टिपता येतं हे दाखवलं. फंक्शनल एमआरआय म्हणतात तो हाच. म्हणजे यंत्र विचार पाहत नाही; विचारामागे पळणारं रक्त, तेही काही सेकंद उशिरानं, मोजतं. पडद्यावर दिसणारे लाल-पिवळे ठिपके मेंदूत नसतात. संख्याशास्त्रानं काढलेल्या आकड्यांना दिलेले ते रंग असतात. आकडेमोडीत सैलपणा केला तर काय होतं, याचा एक मासला प्रसिद्ध आहे. अमेरिकेत क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो ‘दाखवले’, आणि आवश्यक ती गणिती दुरुस्ती न करता निकाल काढला. माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. यंत्र खोटं बोललं नव्हतं. विचारण्याची रीत चुकली होती.

नैराश्याच्या बाबतीत हा इशारा फार कामाचा ठरला. २०१७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी नैराश्यग्रस्तांच्या मेंदूवरचे ९९ प्रयोग एकत्र करून तपासले. प्रत्येक प्रयोगानं आपापल्या जागी काहीतरी फरक दाखवला होता, पण सगळे मिळून मेंदूतल्या एकाच ठिकाणाकडे बोट दाखवत नव्हते. याचा अर्थ नैराश्य खोटं असा काढायचा नाही. खोकला क्षयाचाही असतो आणि धुळीचाही. दोन्हींच्या फुप्फुसांची सरासरी काढून हाती काय येणार? तसंच ‘नैराश्य’ या एका शब्दाखाली अनेक प्रकारचे बिघाड कोंबलेले असावेत, अशी शंका बळावली.

त्या शंकेमागे गेलेल्यांत हेलन मेबर्ग हे मोठं नाव. त्यांच्या गटानं उपचार सुरू होण्यापूर्वी रुग्णांच्या मेंदूतला साखरेचा वापर पेट स्कॅननं मोजला. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसं काहींना औषध दिलं, काहींना बोधात्मक वर्तनोपचार हा बोलण्याचा उपचार. २०१३ मध्ये निकाल छापून आले. उजव्या बाजूच्या इन्सुला या भागात ज्यांचा वापर कमी होता ते बोलण्याच्या उपचारानं बरे झाले, औषधानं फारसे नाहीत. ज्यांचा जास्त होता त्यांचं नेमकं उलट. इन्सुला म्हणजे कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या घडीत दडलेला भाग. छातीची धडधड, पोटातला गोळा, श्वासाची ओढ, अशा शरीराच्या आतल्या बातम्या तिथे गोळा होतात. आपल्याकडे मनाचं दुखणं अंगावाटे बोलतं, हे आठवून मला या शोधाचं फार आकर्षण वाटलं होतं. पण रुग्णसंख्या लहान होती, आणि अशा स्कॅनवरून उपचार ठरवण्याची पद्धत अजून जगात कुठेही रुळलेली नाही.

अलीकडे स्टॅनफर्ड विद्यापीठात लिअन विल्यम्स यांनी हा धागा पुढे नेला. २०२४ मध्ये त्यांच्या गटानं नैराश्य आणि चिंतेच्या ८०१ रुग्णांचे मेंदू तपासून, कुठलं जाळं किती चालतं यावरून सहा प्रकार मांडले. स्वस्थ बसलं असता मनाला मागचंपुढचं चघळायला लावणारं एक जाळं असतं. लक्ष देणारं एक. धोका हेरणारं एक. बक्षिसाची ओढ लावणारं एक. आणि नियोजन करणारं, मनाला आवर घालणारं एक. कुणाचं काय बिघडलं आहे त्यावरून कुणाला कोणता उपचार लागू पडेल, याचा थोडा अंदाज येतो असं दिसलं. लक्ष देण्याच्या जाळ्याची हालचाल ज्यांच्यात मंद होती, त्यांना नुसत्या बोलण्याच्या उपचारानं गुण येण्याची शक्यता कमी होती. त्याच वर्षी त्याच परिसरातून दुसरा अभ्यास आला, तो या पुस्तकाला अधिक जवळचा. नैराश्य आणि लठ्ठपणा दोन्ही असलेल्या १०८ लोकांपैकी काहींना नेहमीचे उपचार मिळाले, काहींना त्यासोबत ‘अडचण सोडवण्याचा’ वर्तनोपचार. आपली एक अडचण निवडायची, तिचे तुकडे पाडायचे, चारपाच उपाय लिहायचे, एक करून पाहायचा. अशा उपचारानं ज्यांना गुण आला, त्यांच्या मेंदूतल्या नियोजनाच्या जाळ्यात दोन महिन्यांतच बदल दिसला, आणि पुढे कोण सुधारेल याचा अंदाज त्या बदलावरून बांधता आला.

गावातल्या सासूला या सगळ्यातून काय सांगायचं? सुनेच्या डोक्याचा फोटो काढून आजार सिद्ध करता येणार नाही, हे सांगायचं. पण तेवढ्यावर थांबायचं नाही. गोळी रसायन आहे म्हणून खरी आणि बोलणं म्हणजे नुसती हवा, ही समजूतही चुकीची ठरली आहे. २००४ मध्येच कॅनडातल्या एका अभ्यासात गोळीनं बरे झालेले आणि बोलण्याच्या उपचारानं बरे झालेले असे दोन्ही गट तपासले गेले होते. मेंदू दोघांचेही बदलले होते, फक्त वेगवेगळ्या वाटांनी. शब्द कानातून आत जातो तो मेंदूतच जातो. वेळेवर उठणं, चार पावलं चालणं, मैत्रिणीच्या ओसरीवर टेकणं, हेही मेंदूवरच होत असतं.

बोलण्याच्या या उपचाराचा इतिहास मला आवडतो, कारण तो वरून खाली येत गेला आहे. १९५० च्या दशकात अल्बर्ट एलिस आणि १९६० च्या दशकात आरन बेक यांनी विचारांवर बोट ठेवलं : घटना आपल्याला जेवढी पाडते त्याहून जास्त तिच्याबद्दलचा आपला समज पाडतो. एलिस यांची विचारसरणी मराठीत आणली ती कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक दशकं पत्रव्यवहार चालला होता. त्यांनी मराठीत त्या उपचाराला ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द दिला. अंबाजोगाईच्या माणसाला हा शब्द परका वाटत नाही. ज्या मुकुंदराजांची समाधी इथल्या डोंगरकपारीत आहे, त्यांच्या ग्रंथाचं नावच ‘विवेकसिंधु’.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये पीटर लेविन्सन यांनी दुसरं टोक धरलं. नैराश्यातल्या माणसाच्या दिवसातून समाधान देणाऱ्या गोष्टी गळून पडलेल्या असतात. त्या पुन्हा दिवसात बसवा, असं ते म्हणाले. १९९६ मध्ये नील जेकबसन यांनी बोधात्मक उपचाराचे भाग सुटे करून पाहिले, तेव्हा विचारांना हात न लावता केवळ कृती वाढवण्याचा भागही पूर्ण उपचाराइतकाच उपयोगी पडला. २०१६ मध्ये इंग्लंडमधल्या ४४० रुग्णांच्या चाचणीत असं दिसलं, की कमी प्रशिक्षण लागणाऱ्या कर्मचाऱ्यांनी दिलेला कृतीचा उपचार मुरब्बी तज्ज्ञांच्या उपचाराच्या तोडीस उतरतो. स्वस्त, सोपा आणि शिकवता येण्याजोगा उपचार! ही बातमी खरं तर आपल्यासाठीच होती.

आपल्या शेजारी ती आधीच पोचली होती. गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून काम करते. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर चाचणी केली. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. सहा ते आठ बैठका आणि सगळा भर कृतीवर. २०१७ मध्ये निकाल आले : तीन महिन्यांनी, हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक आजारातून बाहेर आले होते, फक्त नेहमीची देखभाल मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. आणखी जवळचं उदाहरण विदर्भातलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण शेकडा ४ वरून २७ वर गेलं. तीच कापूस-सोयाबीनची जमीन, तेच कर्ज, तोच उन्हाळा. तिथे जमलं ते बीडला का जमू नये?

जमेल, पण जसंच्या तसं नाही. बीडचं आपलं एक पंचांग आहे. दसरा-दिवाळी झाली, की वडवणी, धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार इथल्या वस्त्या ऊसतोडीसाठी रिकाम्या होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक ‘कोयता’; एकटं माणूस ‘अर्धा कोयता’. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, कोपी टाकून राहतात, आणि पट्टा पडला, म्हणजे तोडणीचा हंगाम संपला, की उन्हाळ्यात परततात. सहा ते आठ बैठकांचा उपचार ऑक्टोबरात सुरू केला, तर दुसऱ्या बैठकीला रुग्ण कोल्हापूरच्या फडात असतो. म्हणून इथल्या उपचाराला हंगाम पाहावा लागतो. ज्येष्ठ ते भाद्रपद प्रत्यक्ष भेटी आणि पुढे फोनवरून पाठपुरावा, असं वेळापत्रक याच अनुभवातून आलं.

दुसरी अडचण याहून खोल आहे. ‘कृती वाढवा’ हा सल्ला कोयत्यावरच्या बाईला द्यायचा कसा? पहाटे तीन-चारला उठून ती भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, आणि रात्री परत चुलीपाशी बसते. सुट्टी घेतली तर खाडा, आणि खाड्याचा दंड. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती आली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पाळीच्या दिवसांत खाडा नको, हेही त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. ज्यांचं बीजाशयही सोबत गेलं, त्यांच्या वाट्याला तिशी-पस्तिशीत रजोनिवृत्ती आली, आणि तिच्यासोबत अंगाची आग, तुटकी झोप आणि खचलेलं मन. या बाईला ‘जरा कामात मन रमवा’ सांगणं ही क्रूर थट्टा आहे.

इथेच हा उपचार नीट समजून घ्यावा लागतो. त्यात कामाचे तास मोजत नाहीत. कुठलं काम केल्यावर जिवाला काय वाटलं, हे पाहतात. दिवसभर राबूनही माणूस नैराश्यात असू शकतो, कारण त्या राबण्यात त्याचं स्वतःचं काही नसतं. धाक असतो, सवय असते, उचल फेडायची असते. अशा बाईसाठी पहिली कृती शोधायची ती दहा मिनिटांची आणि तिच्या मालकीची : सोडून दिलेली गोधडी पुन्हा हातात घेणं, वसतिगृहातल्या लेकीला रोज ठरल्या वेळी फोन, कोपीबाहेर दोघीतिघींनी मिळून म्हटलेली ओवी. फार क्षुल्लक वाटतं ना? पाइपात ओतायचं पाणी कळशीभरच असतं.

नोंद ठेवणं हा या उपचाराचा कणा. छापील तक्त्यांत ‘मनःस्थिती ० ते १०’ असं असतं. आमच्याकडे ते चालेना. शाळेच्या वहीत आम्ही दिवसाचा एक रकाना आखला, आणि मनासाठी भाकरीची मापं घेतली : पूर्ण, अर्धी, चतकोर, कोर. सही न येणारी बाईही भाकरी काढू शकते. किती भाकरीचा दिवस होता, हा प्रश्न तिला चटकन कळतो, आणि उत्तर देताना ती क्वचितच चुकते.

या उपचाराच्या मर्यादाही इथेच नोंदवते. मरणाचे विचार येत असतील, माणूस खाणंपिणं सोडून बसला असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा मधूनच अतिउत्साहाचे झटके येत असतील, तर वही-तक्त्यानं भागणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाच हवं. बीडचं जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय यांची दारं त्यासाठी आहेत. औषध आणि बोलणं या सवती नव्हेत. तीव्र आजारात दोन्ही एकत्र लागतात. थायरॉइड आणि रक्तक्षय तपासून घ्यावेत, कारण दोन्ही नैराश्याचं सोंग घेऊ शकतात. घरातलं कुणी ‘मी नसलो तर बरं’ असं बोललं, तर ते टाळू नका. सरळ विचारा, त्याला एकटं सोडू नका. विचारल्यानं असा विचार डोक्यात भरत नाही, उलट ओझं हलकं होतं. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या राज्य शासनाच्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात बीडही आहे. आशाताईंना त्याची माहिती असते.

आणखी एक मर्यादा उपचाराची नाही, आपली आहे. तक्ता भरून पाऊस पडत नाही, आणि समुपदेशनानं उचल फिटत नाही. अडचण सोडवण्याच्या उपचारात पहिलाच धडा असतो, हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं करण्याचा. उचलीचा हिशोब लिहून मागणं हातातलं असू शकतं, चौघी मिळून मागितला तर नक्कीच. पण बाई शांत झाली म्हणून तिची मजुरी रास्त झाली, असं कुणी समजू नये. खरं सांगायचं, तर बरी झालेली बाई जास्त भांडते. मी ते सुधारणेचं लक्षण मानते.

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमानं आहे. पहिल्या भागात आजार ओळखण्याचे प्रश्न आणि ते घरात कसे विचारायचे हे आहे. दुसऱ्यात मेंदूची जाळी सोप्या आकृत्यांतून दाखवली आहेत. ज्यांना घाई आहे त्यांनी हा भाग नंतर वाचला तरी चालेल. तिसरा भाग सर्वांत मोठा, सहा बैठकांचा. प्रत्येक बैठकीत काय बोलायचं, घरी काय करायचं आणि काही झालंच नाही तर पुढच्या वेळी कसं सावरून घ्यायचं, हे त्यात आहे. चौथा भाग घरच्यांसाठी. ‘मन खंबीर कर’ या सल्ल्याऐवजी काय म्हणायचं, याची तिथे चर्चा आहे. पुस्तक आशाताई, अंगणवाडीताई, शिक्षक आणि ज्यांच्या घरात हे दुखणं आहे अशा सर्वांसाठी लिहिलं आहे. डॉक्टरांनी वाचलं तर आनंदच.

शेवटी एक वही दाखवते. दीडशे पानी, कव्हर फाटलेली. पहिले तीन आठवडे तिच्यात सगळ्या कोरा आहेत, बारीक, रकान्याच्या कोपऱ्यात दडलेल्या. कृतीच्या जागी बऱ्याच दिवशी फुली. चौथ्या आठवड्यात एके दिवशी लेकीच्या अक्षरात लिहिलंय, ‘आईनं गोधडीला चार टाके घातले’. त्या दिवशीही भाकरी कोरच. दुसऱ्या दिवशी टाके, भाकरी कोर. तिसऱ्या दिवशी टाके, आणि शेजारी चतकोर. सहाव्या आठवड्याच्या रकान्यात पहिली अर्धी भाकरी आहे. पूर्ण भाकरी त्या वहीत कुठेच नाही. ती बाई वही परत देताना म्हणाली, ‘‘करू वाटत नव्हतंच, मॅडम. तुमी म्हनल्या म्हणून केलं. मग जरा वाटाया लागलं.’’

अंबाजोगाई